संख्येचा पाया दहाच का? आणे-पै, घटी-पळं, लघु-गुरू आणि कॉम्प्युटरचे ०-१

विक्रोळीकर_सर

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना मी गणित आणि कॉम्प्युटर सायन्स शिकवतो, आवड म्हणून. सध्या द्विमान पद्धत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहायची रीत, चालू आहे. ४५ चं द्विमान रूप काढा म्हटलं की पोरं फटाफट दोनने भागत सुटतात, बाक्या बाजूला लिहितात आणि खालून वर वाचून १०११०१ सांगतात. उत्तर बरोबर असतं. पण खालून वरच का वाचायचं असं विचारलं की सगळे गप्प. "सर, तशीच मेथड आहे." हे मला फार लागतं, कारण ह्या एका प्रश्नात अख्खी संख्यापद्धत आहे आणि पोरं त्याच्यावरून उडी मारून पुढे जातायत.

म्हणून मग ४५ चिंचोके टेबलावर ओतले आणि म्हटलं जोड्या लावा. बावीस जोड्या झाल्या, एक चिंचोका उरला. तो कुठल्याच जोडीत बसला नाही म्हणजे तो एककाच्या घरातला, सगळ्यात उजवीकडे १. आता जोड्यांच्या जोड्या लावा, म्हणजे चार-चारचे ढीग, ते झाले अकरा आणि सुटी जोडी एकही उरली नाही, म्हणून दोनाच्या घरात ०. अकरा ढीग परत दोन-दोन एकत्र केले तर आठ-आठचे पाच झाले आणि चाराचा एक उरला, चाराच्या घरात १. पाचातून सोळाचे दोन, आठाचा एक उरला, आठाच्या घरात १. दोन सोळांचा एक बत्तीस, सोळाच्या घरात काही नाही. शेवटी तो एकटा बत्तीस. ३२+८+४+१ = ४५. पहिली बाकी सगळ्यात लहान घराची निघते आणि शेवटची सगळ्यात मोठ्या घराची, आपण लिहिताना मोठं घर आधी लिहितो, म्हणून खालून वर. एका पोरीने लगेच विचारलं की मग दहाने भागत गेलो तर? गेलो ना, ४७२५ घेतला, बाकी ५, मग २, मग ७, मग ४. आपलाच आकडा उलटा निघाला. त्यावर वर्गात जो आवाज झाला तो ऐकण्यासारखा होता!

माझं म्हणणं असं आहे की घरं मांडायची कल्पना, म्हणजे स्थानिक किंमत, ही एक गोष्ट आणि प्रत्येक घर मागच्या घराच्या किती पट, म्हणजे पाया, ही दुसरी गोष्ट. शाळेत दोन्ही एकत्र शिकवतात त्यामुळे पोरांना दहा हा आकडा देवाने दिल्यासारखा वाटतो. दहा सोडून दुसरा पाया असलेली रोजच्या व्यवहारातली उदाहरणं हवी आहेत, मुंबईतल्या पोरांच्या हाताला लागतील अशी. ज्यांना जे माहीत असेल ते लिहा, लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

आठ_सत्तेचाळीस

सर, हँडल बघा माझं :) घाटकोपरला ८:४७ ची फास्ट लोकल सुटली आणि पुढची समजा ९:१२ ला आहे, तर किती थांबायचं? पोरांना सांगा ९१२ मधून ८४७ वजा करा. येतात ६५. खरं उत्तर २५ मिनिटं. आता हा ४० चा फरक आला कुठून, तर तासाच्या घरातून हातचा घेताना त्यांनी १०० घेतले, घ्यायचे होते ६०. प्लॅटफॉर्मवरचा प्रत्येक माणूस हे साठाच्या पायाचं गणित मनातल्या मनात करत असतो आणि कुणालाही त्यात अवघड वाटत नाही.

मुलुंडची_मीरा

हे भारी आहे! लेकाला आजच देते हे गणित. पण साठच का मुळात? शंभर मिनिटांचा तास का नाही केला कुणी?

चिपळूणकर_दादरात

मीराताई, साठ आला मेसोपोटेमियातून, आताच्या इराकमधून. तिथले लोक चार हजार वर्षांपूर्वी मातीच्या ओल्या पाटीवर खुणा दाबून साठाच्या पायाने हिशेब करत होते. साठाची गंमत अशी की त्याला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० एवढ्या सगळ्यांनी भाग जातो. तासाचा तिसरा भाग २० मिनिटं, पाचवा १२ मिनिटं, सहावा १०, कुठे अपूर्णांक नाही. शंभराचे तीन भाग करायला जा, ३३.३३ करत बसावं लागतं. (तास शंभर मिनिटांचा करून बघितलाय बरं, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास. टिकला नाही.)

येल विद्यापीठाच्या संग्रहात त्या काळातली एक छोटी गोल पाटी आहे, तिच्यावर चौरस काढून कर्णावर १, २४, ५१, १० असे आकडे कोरलेत. म्हणजे १ अधिक २४ भागिले ६०, अधिक ५१ भागिले ३६००, अधिक १० भागिले २१६०००. गुणून बघा, १.४१४२१२९ वगैरे येतं, दोनचं वर्गमूळ! दशांश चिन्हानंतरचे पाच आकडे तंतोतंत. पण त्यांच्याकडे सुरुवातीला शून्य नव्हतं, त्यामुळे १ आणि ६० एकसारखेच दिसायचे, संदर्भावरून ओळखायचं.

आणि लांब कशाला जायचं, पंचांग उघडा. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत ६० घटी, एका घटीची ६० पळं, एका पळाची ६० विपळं. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. तिथी ४१ घटी २५ पळांना संपते असं लिहिलं असेल तर ४१ गुणिले २४ म्हणजे ९८४ मिनिटं, २५ पळांची १० मिनिटं, एकूण ९९४ मिनिटं म्हणजे १६ तास ३४ मिनिटं. सूर्योदय ६:२० चा असेल तर रात्री १०:५४. आमचे वडील हे बोलता बोलता करायचे, आता घड्याळाच्या वेळा थेट छापून येतात त्यामुळे घटी-पळांचा रकाना कुणी बघत नाही. पोरांना हा रकाना जरूर दाखवा, उत्तर शेजारच्याच रकान्यात छापलेलं असतं, ताडून बघता येतं.

लालबागकर

सर, तुमची पोरं शिकतायत ते आम्ही प्राथमिक शाळेत रोज केलंय. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. पाटीवर बेरीज अशी असायची, ७ रुपये १३ आणे ९ पै अधिक ४ रुपये ५ आणे ६ पै. पै झाल्या १५, बाराचा एक आणा हातचा, खाली ३. आणे १३ आणि ५ आणि हातचा १ मिळून १९, सोळाचा एक रुपया हातचा, खाली ३. रुपये १२. उत्तर १२ रुपये ३ आणे ३ पै. एकाच बेरजेत पैंचा हातचा बाराला, आण्यांचा सोळाला आणि रुपयांचा दहाला. आमच्यातला एकही पोरगा गोंधळायचा नाही, कारण दुकानात त्याच पैशांनी गोळ्या आणायच्या असायच्या.

आता सोळाच का, तर निम्मं करणं सगळ्यात सोपं. रुपयाचं निम्मं अधेली, तिचं निम्मं पावली, तिचं चवली, मग आणा, मग ढब्बू, मग पैसा. सहा वेळा निम्मं केलं की ६४ वा भाग, कुठेही तुकडा नाही. वजनाचंही तेच, शेर, अर्धा शेर, पावशेर, अदपाव, छटाक. सोळा छटाकांचा शेर. वाण्याकडे वजन नसलं तरी दोन्ही पारड्यांत धान्य सारखं केलं की निम्मं मिळतं, परत तसंच केलं की पाव. दहावा भाग असा तराजूने निघत नाही. तिघांत रुपया वाटायची वेळ आली तर प्रत्येकी ५ आणे ४ पै, काटेकोर. त्यासाठी पै बाराची.

नवे पैसे आले तेव्हा एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. सव्वाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून कोष्टक लावलं, १ आण्याचे ६, २ आण्यांचे १२, ३ आण्यांचे १९, ४ आण्यांचे २५. म्हणजे आण्याची वस्तू तीनदा सुटी घेतली तर १८ पैसे आणि एकदम घेतली तर १९. ह्यावरून गिरणगावात दुकानादुकानातून वाद व्हायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेली माणसं एका रात्रीत बिनकामाची झाली असं माझे आजोबा म्हणायचे आणि ते दुःखाने म्हणायचे. दशमान आलं ते बरंच झालं, हिशेब सोपे झाले, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण जुनी पद्धत अडाणी होती असं कुणी म्हटलं की राग येतो.

विक्रोळीकर_सर

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून वर्गात लावणार आहे. आत्ता लगेच त्यावरून गणित तयार केलं, १००० पैंचे रुपये-आणे-पै करा. तीच भागाकाराची रीत, फक्त भाजक प्रत्येक पायरीला बदलायचा. आधी १२ ने भागा, ८३ आणे आणि बाकी ४ पै. मग ८३ ला १६ ने, ५ रुपये आणि बाकी ३ आणे. खालून वर वाचा, ५ रुपये ३ आणे ४ पै. म्हणजे पाया सगळ्या घरांना एकच असायला हवा अशीसुद्धा सक्ती नाही!

मुलुंडची_मीरा

मग बाराचाच पाया का नाही घेत सगळीकडे? क्रॉफर्ड मार्केटला आंबे डझनावर, केळी डझनावर, अंडी डझनावर. माझी आजी जप करताना अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची, चार बोटांची तीन-तीन पेरं म्हणजे बारा एका हातावर. दहा बोटं आहेत म्हणून दहा असं म्हणतात, पण पेरं तर बाराच्या बाजूची आहेत.

पवईकर_कोडवाला

ताई, बाराचं गणित खरंच देखणं आहे. बाराच्या पायात १/३ म्हणजे ०.४, संपलं. १/४ म्हणजे ०.३. पण १/५ करायला जाल तर ०.२४९७२४९७ असं अनंत चालू राहतं. नियम असा की पायाचे जे मूळ अवयव, त्यांच्याच गुणाकाराने बनलेले छेद असतील तर अपूर्णांक संपतो. दहाचे अवयव २ आणि ५, म्हणून १/३ संपत नाही. बाराचे २ आणि ३, म्हणून १/५ संपत नाही. साठात २, ३, ५ तिन्ही आहेत, तिथे १/७ अडतो. कुणीतरी राहतोच.

आता कॉम्प्युटरचा पाया २, अवयव एकच. म्हणून १/१० सुद्धा संपत नाही!! आपल्याला साधा वाटणारा ०.१ द्विमानात ०.०००११००११००११ असा पुढे चालूच राहतो आणि मशीनला कुठेतरी तोडावाच लागतो. कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३ न येता त्याच्यापुढे पंधरा शून्यं आणि मग एक ४ येतो. मी एका ठिकाणी बिलिंगचं काम करत होतो तिथे महिनाअखेरीच्या बेरजेत पैसे जुळत नव्हते, सगळे व्हॅट-जीएसटीचे फॉर्म्युले तपासत बसले होते आणि कारण हे निघालं. रकमा रुपयांत दशांश चिन्ह देऊन ठेवल्या होत्या, त्या पैशांत पूर्णांक म्हणून ठेवल्या आणि प्रश्न मिटला. पाया काय असतो हे ज्याला कळलंय त्याला हे पाच मिनिटांत दिसतं, म्हणून सर करतायत ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

मशीनला दोनच का, तर करंट आहे किंवा नाही एवढं ओळखणं सोपं, दहा वेगवेगळ्या पातळ्या बिनचूक ओळखणं अवघड. पोरांना मुंबईचंच सांगायचं तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः बांधलेलं मशीन १९६० मध्ये चालू झालं, १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला टिफ्रॅक नाव दिलं. ४० द्विमान अंकांचा एक शब्द, म्हणजे मशीन एकदम हाताळेल एवढा गठ्ठा, असायचा त्यात.

आणि द्विमान आकडे लांब होतात म्हणून माणसासाठी सोळाचा पाया. अंक कमी पडतात तर ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ घेतले. वेबसाइटवरचा केशरी रंग एफएफ९९३३ असा लिहितात, लाल एफएफ म्हणजे २५५, हिरवा ९९ म्हणजे ९ गुणिले १६ अधिक ९, १५३, निळा ३३ म्हणजे ५१. पोरांना फोनवर रंग बदलून बघायला सांगा, मजा येईल.

सह्याद्री_भटका

थोडं मागे जातो. नाणेघाट इथल्या बऱ्याच जणांनी केला असेल, कल्याण-मुरबाडवरून वैशाखरे आणि तिथून वर. वरच्या गुहेत सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, राणी नागनिकेचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी), सगळ्यांचे आकडे त्यात आहेत. पण तिथे स्थानिक किंमत नाही, दहाचं चिन्ह वेगळं, शंभराचं वेगळं, हजाराचं वेगळं, आणि शून्य नाही. पाया दहाचाच आहे पण घरं नाहीत! सर म्हणतात त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत ह्याचा दगडावरचा पुरावा आहे हा. पुढे ४९९ मध्ये आर्यभट लिहितो "स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्", आणि ग्वाल्हेरच्या देवळात ८७६ सालच्या लेखात २७० हा आकडा शून्यासकट आज आपण लिहितो तसाच दिसतो. पावसाळ्यात धबधबे बघायला जी गर्दी होते तिने पाच मिनिटं त्या भिंतीसमोर उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

वृत्तवेडी

इतकं सगळं झालं आणि संस्कृत वृत्तांचं शास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाचं नाव कुणी काढलं नाही?

शाळेत वृत्तं शिकताना गण पाठ केले असतील, यमाताराजभानसलगम्. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघु (आखूड उच्चाराचं) किंवा गुरू (लांब उच्चाराचं), म्हणून गण आठच. पिंगलाच्या छंदशास्त्रात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकातलं मानतात ते, सगळ्या शक्यता ओळीने मांडायची रीत आहे, तिला प्रस्तार म्हणतात. तीन अक्षरांचा प्रस्तार म, य, र, स, त, ज, भ, न असा येतो. आणि त्याहून सुंदर म्हणजे नष्ट, अमुक नंबरची ओळ पुसली गेली तर ती परत कशी काढायची. नंबर सम असेल तर निम्मा करा आणि लघु लिहा. विषम असेल तर एक मिळवा, निम्मा करा आणि गुरू लिहा. सहावी ओळ काढू. ६ सम, लघु, उरले ३. ३ विषम, एक मिळवून ४, निम्मे २, गुरू. २ सम, लघु. लघु-गुरू-लघु म्हणजे ज गण, बरोबर सहावा! सर, तुमच्या चिंचोक्यांचीच रीत आहे ही. युरोपात जर्मन गणिती लायब्निट्सने द्विमान अंकगणितावरचा लेख छापला तो थेट १७०३ मध्ये.

उलट दिशेचं, म्हणजे ओळ दिली तर तिचा नंबर काढायचा, ते उद्दिष्ट. नंतरच्या छंदशास्त्रकारांनी सोपं करून ठेवलंय, अक्षरांवर डावीकडून १, २, ४, ८ लिहीत जा, लघूंवरचे आकडे मिळवा, वर एक. भुजंगप्रयात घ्या, मनाच्या श्लोकांचं वृत्त, चार वेळा य गण (लघु-गुरू-गुरू), म्हणजे पहिलं, चौथं, सातवं, दहावं अक्षर लघु. १ अधिक ८ अधिक ६४ अधिक ५१२, ५८५, अधिक १. बारा अक्षरांच्या ४०९६ वृत्तांमध्ये भुजंगप्रयात ५८६ वं.

पवईकर_कोडवाला

एक मिनिट थांबा सगळ्यांनी. ५८५ हा आठाच्या पायात लिहा. ५१२ अधिक ६४ अधिक ८ अधिक १. म्हणजे ११११!!

गणांना शून्यापासून नंबर द्या, म ०, य १, र २, स ३, त ४, ज ५, भ ६, न ७. य म्हणजे १. भुजंगप्रयात य य य य, आठाच्या पायात १ १ १ १. आम्ही लिनक्स ह्या कॉम्प्युटर सिस्टीमवर फाइलच्या परवानग्या ७५५ अशा लिहितो तेव्हा नेमकं हेच करतो, तीन-तीन द्विमान अंकांचा एक गठ्ठा आणि गठ्ठ्याला एक अंक. छंदशास्त्रवाल्यांनी लघु-गुरूचे तीन-तीनचे गठ्ठे करून त्यांना अक्षरं दिली. हे वाचून अंगावर काटा आला माझ्या.

लालबागकर

आमच्या गुरुजींनी वृत्तं शिकवली आणि आणे-पैही शिकवले, पण दोन्ही एकाच घरातली आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. वृत्तवेडी ताई, हे इतर वृत्तांनाही चालतं का?

वृत्तवेडी

चालतं काका. कोडवाल्यांच्या रीतीने द्रुतविलंबित करू, न भ भ र, म्हणजे ७, ६, ६, २. पहिला गण सगळ्यात लहान घराचा, म्हणून आकडा उलटा लिहायचा, २६६७ आठाच्या पायात. दोन गुणिले ५१२, १०२४. सहा गुणिले ६४, ३८४. सहा गुणिले ८, ४८. आणि ७. एकूण १४६३, अधिक १, १४६४. वृत्तांच्या जुन्या याद्यांमध्ये द्रुतविलंबिताचा नंबर १४६४ च आहे.

विक्रोळीकर_सर

ताई, वंशस्थ मी आत्ता वहीवर केलं, ज त ज र, ५, ४, ५, २, उलटं २५४५. १०२४ अधिक ३२० अधिक ३२ अधिक ५, १३८१, म्हणजे १३८२ वं. उद्या पोरांना हेच देणार, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना आणि मराठी घेतलेल्यांना एकत्र बसवून.

सतरा अक्षरांचं मंदाक्रांता कसं करायचं, त्यात गण पूर्ण पडत नाहीत ना? म भ न त त आणि वर दोन गुरू.

वृत्तवेडी

शेवटचे दोन गुरू म्हणजे दोन शून्यं सर, ती सगळ्यात मोठ्या घरांत बसतात, त्यामुळे किमतीत काही भर पडत नाही. ०, ६, ७, ४, ४, उलटं ४४७६०. चार गुणिले ४०९६, १६३८४. चार गुणिले ५१२, २०४८. सात गुणिले ६४, ४४८. सहा गुणिले ८, ४८. एककात शून्य. १८९२८ अधिक १, म्हणजे १,३१,०७२ पैकी १८,९२९ वं. शार्दूलविक्रीडित पोरांवर सोडा, म स ज स त त ग, एकोणीस अक्षरं. उत्तर त्यांचं त्यांना काढू दे, मग इथे टाका, मी ताडून बघते.